न दुखणारे दुखणे

चैत्र पौर्णिमेच्या आधी खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले जथे रस्त्यांवर दिसू लागतात. देवीचा गड कळवण तालुक्यात आणि वणी हे बाजाराचे गाव दिंडोरी तालुक्यात. तरी लोकांच्या तोंडी देवी वणीची आणि गडही वणीचाच. या चालणाऱ्यांत कित्येकजण अनवाणी असतात. कोणाचा नवस तसा असतो, कोणाच्या घरात तशी रीत असते. ऊन वाढलेले, डांबर तापलेले. तळपायाला चटका बसला की माणूस रस्त्याच्या कडेच्या मातीवर उतरतो. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही.

याच गर्दीत पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेला एखादा माणूस असतो. त्याच्या पायांच्या नसा हळूहळू मंदावलेल्या असतात आणि ते त्याला ठाऊक असतेच असे नाही. तो मातीवर उतरत नाही, डांबरावरून सरळ चालत राहतो. बरोबरीच्यांना त्याच्या निष्ठेचे कौतुकही वाटते. मुक्कामाला पाय धुताना दुसऱ्याच कोणाचे तरी लक्ष जाते, आणि मग तळव्यावरचे फोड त्याला 'दिसतात'. चटका ही जाणवण्याची गोष्ट. ती येथे पाहण्याची गोष्ट झालेली असते. मधुमेहींच्या पायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही हकीकत नवी नाही.

मराठीत आजारालाच 'दुखणे' म्हणतात. 'मोठ्या दुखण्यातून उठला' असे आपण म्हणतो, तेव्हा वेदना आणि व्याधी यांत भेद करण्याची आपल्याला गरज वाटत नाही. शरीर दुखून आपली बातमी देते आणि त्या बातमीवर आपण वागतो, हे भाषेने गृहीतच धरलेले आहे. ज्या व्याधीत ही बातमीच बंद होते तिला नाव देताना भाषा अडखळते. 'न दुखणारे दुखणे' असा विरोधाभास करावा लागतो. प्रस्तुत लेखात या अडचणीचा थोडा इतिहास पाहायचा आहे. शरीर बातमी देईनासे झाले की ती बातमी रुग्णाने स्वतः मिळवायची, टिपून ठेवायची, आणि उपचार करणाऱ्याने त्या टिपणाचा उपयोग करायचा, या कल्पनेचा हा इतिहास आहे. आज मनगटावरच्या घड्याळांमुळे आणि मोबाइलमुळे ही कल्पना नवी वाटते. परंतु तिची पहिली खडतर परीक्षा झाली ती कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत, आणि त्या कथेचा बराचसा भाग आपल्या परिसरातला आहे.

कुष्ठरोगात स्पर्शज्ञान हरपते ही माहिती जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ते लक्षण नोंदलेले आहे. 1873 मध्ये नॉर्वेत हान्सेनला या रोगाचा जंतू सापडला. तरीही बोटे झडतात का, या प्रश्नाचे उत्तर पुढे दीर्घकाळ चुकीचेच दिले गेले. मांस आतून कुजते, अशी समजूत सामान्यांत होती आणि कित्येक वैद्यांतही होती. ती समजूत खरी मानली तर पुनर्वसनाला अर्थच उरत नाही. जे कुजणारच आहे त्याची राखण कोण करील? त्यामुळे रोग्याला अन्न द्यावे, आसरा द्यावा, फार तर मलमपट्टी करावी, एवढीच सेवेची मर्यादा ठरून गेली होती.

ही मर्यादा मराठी मुलुखात अनेकांनी आपापल्या परीने ओलांडली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगी म्हणून सेवाग्रामला आले, आणि गांधीजी रोज स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. त्याच सुमारास वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीने गावोगाव घरोघरी जाऊन रुग्ण शोधण्याची पद्धत बसवली गेली. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी वाकड्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. परचुरेशास्त्र्यांच्या अंगावरून फिरणारा हात 'हे शरीर स्पर्श करण्याजोगे आहे' असे सांगत होता. अंतियांचा हात 'हे शरीर दुरुस्त करण्याजोगे आहे' असे सांगत होता. हे शरीर रोज राखण्याजोगे आहे, आणि ते राखणारा रुग्ण स्वतःच असला पाहिजे, हा विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो वेल्लोरला.

पॉल ब्रँड (1914–2003) हे तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका कोठीचे गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. कुष्ठरोग झालेल्या एका लहान मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. ब्रँड यांना त्याच्या ताकदीचे नवल वाटले. मग जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला. मुलाचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. आपल्यापेक्षा त्या मुलाच्या अंगात बळ अधिक नव्हते, कुठे थांबावे हे सांगणारे कोणी त्याच्या हातात नव्हते, हे ब्रँड यांच्या ध्यानात आले. बोटे कुजून झडत नाहीत. ती रोजच्या कामात, चुलीपाशी, किल्लीपाशी, हातोडीच्या दांड्यापाशी थोडी थोडी खर्ची पडतात.

येथून पुढे त्यांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. शस्त्रक्रिया झालेले तरुण रुग्ण आवारातल्या छोट्या वस्तीत राहत. त्यांचे हात आणि पाय रोज तपासायचे, आणि सापडलेल्या प्रत्येक जखमेचे कारण शोधून काढायचे, असा नेम ठरला. 'रोगामुळे झाले' हे उत्तर चालणार नव्हते. कोणी गरम भांडे उचललेले असे, कोणाचा जोडा चावलेला असे, कोणी दिव्याच्या वातीला हात लावलेला असे. कारण सापडले की उपाय सापडे: भांड्याला लाकडी मूठ, औताच्या दांड्याला गुंडाळलेले जाड कापड, पायात मऊ तळाचे पायताण. काही जखमांचा मात्र उलगडा होईना. रात्री झोपताना धड असलेले बोट सकाळी कुरतडलेले दिसे. शेवटी रात्री पहारा ठेवला तेव्हा कळले की झोपलेल्या माणसाची बोटे उंदीर खात आहेत, आणि वेदना नसल्यामुळे त्याची झोपही मोडत नाही. उपाय साधा होता. घरी परतणाऱ्या रुग्णाला एक मांजर देण्याची प्रथा सुरू झाली.

उंदरांची ही गोष्ट अंगावर काटा आणते, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. परंतु ती शक्य झाली ती नोंदीच्या एका रकान्यामुळे, इकडे फारसे लक्ष जात नाही. जखम कोठे, केवढी, केव्हा दिसली, एवढेच लिहून थांबले असते तर रात्रीच्या जखमा 'रोगाची वाढ' या सदरात गेल्या असत्या. 'कशामुळे' हा रकाना मोकळा ठेवायचा नाही, असा हट्ट असल्यामुळेच पहारा बसला. आणि हा रकाना डॉक्टरला एकट्याने भरता येत नाही. दिवसभरात आपण काय केले हे फक्त रुग्णच सांगू शकतो.

1960 च्या दशकात ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने एक महत्त्वाकांक्षी प्रयोग केला: हरपलेली वेदना यंत्राने परत देण्याचा. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब धोक्याच्या पलीकडे गेला की कानाशी सूचक आवाज होई. आजच्या मनगटी यंत्रांचा हा पूर्वजच म्हणायचा. यंत्र नाजूक होते, वारंवार बिघडे; पण तो दोष पुढेमागे दूर झाला असता. खरी अडचण निराळीच निघाली. आवाज ऐकू येई, त्याचा अर्थही कळे, आणि तरीही रुग्ण हातातले काम पुरे करी. म्हणून आवाजाऐवजी काखेत विजेचा हलका झटका देऊन पाहिला. तेव्हा रुग्णांनी दुसरी तोड काढली. घट्ट बसलेला बोल्ट फिरवायचा झाला की आधी यंत्र बंद करायचे, बोल्ट फिरवायचा आणि मग यंत्र पुन्हा चालू करायचे. अखेर ब्रँड यांनी प्रयोग सोडून दिला. 'पेन : द गिफ्ट नोबडी वॉन्ट्स' (1993) या फिलिप यान्सी यांच्यासह लिहिलेल्या आत्मपर पुस्तकात त्यांनी हे अपयश मोकळेपणाने सांगितले आहे. वेदनेचे सामर्थ्य ती बंद करता येत नाही यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निष्कर्ष योग्यच आहे. परंतु साहित्याच्या वाचकाला येथे आणखी काही विचारावेसे वाटते. यंत्र बंद करणाऱ्या त्या माणसाला बोल्ट का फिरवायचा होता? यंत्राच्या नोंदीत दाबाचा आकडा होता, वेळ होती. वेल्लोरच्या पद्धतीतला 'कशामुळे' मात्र त्यात नव्हता. आकड्यांची अचूकता वाढली होती, आणि ज्या प्रश्नाने उंदीर सापडले होते तो प्रश्न वगळला गेला होता.

यानंतर औषधांनी बाजी मारली. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 च्या सुमारास बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगप्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होऊ लागले. 2005 च्या अखेरीस भारतात राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. उपचार संपला की रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होते. जंतूंचा हिशेब तेथे पुरा होतो, पण मेलेली नस त्यामुळे जिवंत होतेच असे नाही. सरकारी वही जेथे मिटते तेथून पुनर्वसनाची वही उघडते, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या हातात असते. रोज संध्याकाळी पाय पाहायचे, पाण्यात भिजवायचे, घट्टे दगडाने घासायचे, ओल्या कातडीवर तेल चोळायचे, लालसर डाग किंवा फोड दिसला तर त्या पायावर भार टाकायचा नाही. स्वनिगा गटांतून हा नेम शिकवला जातो. 'डोळ्यांत तेल घालून जपणे' हा आपला वाक्प्रचार येथे जवळजवळ शब्दशः खरा होतो. त्वचेने सोडलेले काम डोळ्यांवर येऊन पडते.

या नेमाबरोबर एक वस्तू आली: सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल. तळव्यावरचा दाब वाटून देणारी, स्वस्त, उपयोगी. ती वाटली गेली आणि अनेक घरांत नुसतीच पडून राहिली. 'रुग्ण सूचना पाळत नाहीत' अशी याची नोंद होऊ शकते. परंतु कारण विचारले तर ते साधे होते. त्या चपलेच्या विशिष्ट रूपावरूनच गावाला कळे, की हा कुष्ठरोगी. पाय वाचवणारी चप्पल माणसाला गावातून उठवणारी होती. मग नेहमीच्या बाजारी चपलांसारख्या दिसणाऱ्या चपला करण्याकडे लक्ष गेले. येथेही उपाय सापडला तो 'का' विचारल्यावरच.

आता मधुमेहाकडे येऊ. कुष्ठरोगाच्या अभ्यासातून मिळालेले पायाविषयीचे ज्ञान ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी मधुमेहींच्या पायांकडे वळवले. जखम होण्याआधी तेथली त्वचा गरम होते, हे त्यांच्या हाताला कळलेले होते. पुढे या निरीक्षणाची रीतसर पारख झाली. 2007 मध्ये अमेरिकेतील लॅव्हरी व सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका अधिक असलेल्या 173 मधुमेहींचे तीन गट करून त्यांच्याकडे 15 महिने लक्ष ठेवले गेले. एका गटाला नेहमीची निगा मिळाली. दुसऱ्याने आरशात तळवे पाहून वहीत नोंद करायची होती. तिसऱ्याने रोज दोन्ही पायांवर सहा-सहा ठिकाणी तापमान मोजायचे, दोन पायांतल्या एकाच जागेत सुमारे 2.2 अंश सेल्सियसपेक्षा अधिक फरक दिसला तर चालणे कमी करायचे आणि परिचारिकेला कळवायचे. पहिल्या गटात 29.3 टक्के, दुसऱ्यात 30.4 टक्के आणि तिसऱ्यात 8.5 टक्के लोकांना जखमा झाल्या.

नोंदवहीचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने यातला दुसरा आकडा लक्षात ठेवला पाहिजे. त्या गटाने आरसा धरला, वही भरली, आणि नुसती नेहमीची निगा मिळालेल्यांपेक्षा त्याची स्थिती बरी झाली नाही. डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हे एक कारण संभवते. वहीत लिहिल्यावर पुढे काय करायचे हे तिसऱ्या गटाला नेमके सांगितलेले होते, हे दुसरे. म्हणजे नोंद लवकर बोलणारी हवी आणि तिच्या शेवटी एखादी कृती हवी.

परंतु कथा येथेही संपत नाही. नेदरलँड्समध्ये 304 रुग्णांवर 18 महिने चाललेला असाच एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तापमान मोजणाऱ्यांना एकूण जखमांच्या बाबतीत ठळक फायदा दिसला नाही. मोजणाऱ्यांपैकी 83 जणांना केव्हा ना केव्हा धोक्याचा आकडा दिसला होता. त्यांतल्या 24 जणांनीच चालणे कमी केले. ज्यांनी कमी केले त्यांना, आणि ज्यांना धोक्याचा आकडा दिसलाच नाही त्यांना, जखमा कमी झाल्या. उरलेले आकडा पाहून चालत राहिले. कारव्हिलच्या बोल्ट फिरवणाऱ्या माणसाची ही आठवण आहे. मधल्या काळात यंत्र कितीतरी सुधारले होते.

ते का चालत राहिले असतील? कोणाच्या घरात दुसरे कोणी कमावते नसेल, कोणाला जिना चढूनच घरी जावे लागत असेल, कोणाला त्या आकड्यावर विश्वास नसेल. दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत मजुरीला जाणारी बाई, किंवा नवस बोलून वणीच्या वाटेला लागलेला माणूस, तळपाय दोन अंश गरम आहे एवढ्यावरून बसून राहील, असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्याला 'अडाणी' म्हणणे तर सरळ अन्यायाचे. बोललेला नवस ही त्याच्या दृष्टीने तेवढीच खरी गोष्ट आहे. दवाखान्याने आकडा विचारला आणि नवस विचारला नाही, तर त्या आकड्याचा उपयोग होणार नाही. नवस विचारला तर बोलणे पुढे सरकू शकते. चपला घालून चालता येईल का? भर दुपार टाळून पहाटे चालावे का? बरोबरच्या कोणी दर मुक्कामाला तळवे पाहायचे, असे ठरवता येईल का?

रुग्णालयाच्या केसपेपरात रुग्णाच्या बोलण्याला 'तक्रार' म्हणतात. बाकीचा कागद डॉक्टरच्या भाषेत असतो. रुग्णाने मोजलेले आकडे आज या कागदाला जोडले जात आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याने सांगितलेले कारण अजून बहुधा तक्रारीच्याच सदरात जाते, नाहीतर कोठेच जात नाही. आपल्या जुन्या वाङ्मयातही असा एक प्रकार आहे. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात, आध्यात्मिक तापाच्या समासात, देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी दिली आहे. तेथे रोग असंख्य आहेत, रोगी मात्र एकही नाही. त्या ग्रंथाचा हेतूच वेगळा होता. रोगी स्वतः बोलू लागला की काय होते ते पाहायचे असेल तर डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' वाचावे. 1995 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेला हा डॉक्टर स्वतःचा आहार, व्यायाम, रक्तातली चरबी यांची नोंद ठेवतो. पण पुस्तक वाचले जाते ते त्या आकड्यांच्या भोवती 'हे मला का झाले' याचा जो शोध आहे त्यासाठी. तेथे केसपेपर आणि निवेदन एकाच हातचे आहेत. बहुतेक रुग्णांना हे भाग्य लाभत नाही. त्यांचा 'का' दुसऱ्या कोणीतरी ऐकून लिहून घ्यावा लागतो.

पुनर्वसन या शब्दाचा अर्थ पुन्हा वसणे. महाराष्ट्रात तो धरणांमुळे उठलेल्या गावांसाठी इतका वापरला गेला की शरीराच्या संदर्भात तो ऐकताना थोडे चुकल्यासारखे होते. पण बधिर झालेल्या हाताविषयी तो अगदी नेमका आहे. आपले रुग्ण आपल्या हातापायांकडे एखाद्या परक्या अवजारासारखे पाहतात, असे ब्रँड यांनी लिहून ठेवले आहे. जे दुखत नाही ते आपलेही वाटत नाही. रोज संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन पाहणे, तेल लावणे, काय झाले आणि कशामुळे झाले हे आठवणे, यात माहिती गोळा होते तशीच त्या पायाशी तुटलेली ओळखही थोडी परत जुळते. ती वही डॉक्टरने वाचावी. पण तिचा पहिला वाचक तो पाय बाळगणारा माणूस असावा आणि तिच्यात कारणाचा रकाना असावा, एवढे तरी वेल्लोरच्या त्या वस्तीने शिकवले आहे.

चैत्रात जथे पुन्हा निघतील. रात्री मुक्कामाला पाय शेकत, चेपत बसण्याची चाल त्यांच्यात आहेच. त्या वेळी कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात शेजाऱ्याचा तळवाही पाहावा, आणि फोड दिसला तर आज तो कोठून, कसा चालला हे त्याला विचारावे.